कडक कमानींचा सोस

कोटीच्या घरात किंमत असलेली मोटार विकत घ्यावी आणि तीत बसून तासाभराचा प्रवास केल्यावर पाठीला शेक घेण्याची पाळी यावी, तर दोष कोणाचा समजायचा? मोटारीचा, रस्त्याचा, की मोटार घेणाराच्या हौसेचा? ज्या राज्यात असंख्य माणसे बसच्या दांड्याला धरून उभ्याने प्रवास करतात, तेथल्या दैनिकाने या प्रश्नाला अग्रलेखाची जागा द्यावी हे काही वाचकांना खटकेल. त्यांची तक्रार आम्ही मान्य करतो आणि तरीही लिहितो. कारण श्रीमंतांच्या मोटारीत आज जी फॅशन येते ती काही वर्षांनी मध्यमवर्गीयाच्या मोटारीत उतरते. आणि मोठ्या रिमा, पातळ टायर व कडक स्प्रिंगा यांची फॅशन तशी उतरू लागलीही आहे. हप्त्याने मोटार घेणाऱ्या शिक्षकाच्या आणि बँकेतील कारकुनाच्या पाठीचाही हा प्रश्न आहे.

आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी परदेशी बनावटीची एक 'स्पोर्ट्स सेडान' घेतली. चार दारांची, कातडी बैठकांची, आतून दिवाणखाना शोभावी अशी. पण इंजिनाचा हुंकार मात्र शर्यतीच्या मोटारीचा. पहिली फेरी अर्थातच देवाला. ऐंशी ओलांडलेल्या आईला मागच्या बैठकीवर बसवून ते पणजीहून बाणस्तारीमार्गे मंगेशीला निघाले, आणि आम्हीही सोबत होतो. पुलाचा प्रत्येक सांधा, डांबराचे प्रत्येक ठिगळ, प्रत्येक गतिरोधक ती मोटार आमच्या मणक्यांपर्यंत इमानाने पोहोचवीत होती. देवळाच्या पायऱ्यांपाशी उतरल्यावर आई शांतपणे म्हणाल्या, "पुता, येताना मी कदंबात बसून येते. तू आपली गाडी घेऊन पुढे हो." आम्ही दोघेही हसलो, परंतु त्या विनोदाने बोलल्या नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून उघड दिसत होते.

स्नेह्यांचा खुलासा असा की, मोटार चपळ हवी तर ती कडक असणारच. वेग आणि सुख ही एकत्र नांदत नाहीत. हा समज इतका रूढ झाला आहे की विकणारेही तोच सांगतात आणि घेणारेही तोच उगाळतात. आमच्या मते तो निव्वळ अर्धसत्य आहे. आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर तर अर्धेही सत्य उरत नाही.

थोडे यंत्रशास्त्र येथे अपरिहार्य आहे. मोटारीचे धूड स्प्रिंगांवर, म्हणजे जुन्या भाषेत कमानींवर, टेकलेले असते. त्या वजनाने कमान किती दबते यावर मोटारीचा झोका ठरतो. सेकंदाला एकच झोका घेणारी मऊ चाल हवी असेल तर कमान सुमारे २५ सेंटिमीटर दबावी लागते. सेकंदाला दोन झोके चालणार असतील तर जेमतेम ६ सेंटिमीटर पुरतात. आरामशीर मोटारींचा झोका सेकंदाला एक ते सव्वा असतो, खेळाऊ मोटारींचा दीडपासून दोनकडे सरकतो. कमान हलू लागली की तिला आवरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे, ज्याला आपले मेकॅनिक नुसते 'शॉकअप' म्हणतात. आणि या दोहोंच्याही आधी धक्का झेलतो तो टायरमधल्या हवेचा थर. आता माणसाच्या शरीराचे गणित पाहा. सेकंदाला चार ते आठ या गतीची उभी कंपने बसलेल्या माणसाच्या धडाला सर्वांत जास्त जाचतात. मानवी शरीराला होणाऱ्या कंपनांविषयीचे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९७४ मध्ये प्रथम निघाले ते याच अभ्यासावर आधारलेले आहे. कमान कडक केली, शॉकअप आवळला आणि टायर पातळ केला, की नेमकी हीच जाचक कंपने गाळली न जाता बैठकीपर्यंत येतात. स्नेह्यांच्या आईला हे आकडे ठाऊक नव्हते. निष्कर्ष मात्र त्यांनी बिनचूक काढला होता.

हे ज्ञान काही कालपरवाचे नव्हे. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. मोटारीची चाल सुखकर कशाने होते याचे पद्धतशीर प्रयोग त्याने तेथे केले. त्याच्या आधी पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा कडक ठेवण्याचा प्रघात होता. उंचवटा आधी पुढच्या चाकाखाली येतो, मग मागच्या. पुढची बाजू संथ आणि मागची किंचित जलद झुलली तर मागची पुढचीला गाठते आणि मोटार पाळण्यासारखी डुचमळण्याऐवजी सपाट वरखाली होते. म्हणून पुढची कमान मऊ हवी, असे ऑलीने दाखवून दिले. १९३४ सालापासून जनरल मोटर्सच्या मोटारींना पुढे दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलणारी रचना आली ती या प्रयोगांच्याच पाठबळावर.

मऊ मोटार मंदच असते, या समजाला तर इतिहासाने वेळोवेळी खोटे पाडले आहे. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात 'डीएस' ही मोटार मांडली. पॉल माजेस या तंत्रज्ञाने तिच्यासाठी लोखंडी कमानी काढून टाकून वायू आणि तेल भरलेले गोळे बसविले होते. होडीसारखी तरंगत जाणारी ही मोटार शर्यतीत काय दिवे लावणार, असे कोणालाही वाटले असते. पण याच रचनेच्या तिच्या धाकट्या बहिणीने, 'आयडी १९'ने, १९५९ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. त्याहून मोठी परीक्षा झाली ती २२ ऑगस्ट १९६२ रोजी. पॅरिसजवळ पेती-क्लामार येथे अध्यक्ष द गॉल यांच्या मोटारीवर मारेकऱ्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. टायर फुटले, तरी चालकाने ती डीएस न थांबविता अध्यक्षांना व त्यांच्या पत्नीला सुखरूप बाहेर काढले. राष्ट्राध्यक्षाचे प्राण वाचविणारी मोटार मऊ कमानींची होती, ही गोष्ट कडकपणाच्या भक्तांनी कधीतरी लक्षात घ्यावी.

'लक्झरी स्पोर्ट्स सेडान' या जातीचे मूळ पुरुष पाहावेत तर तेही कडक नव्हते. १९६८ मध्ये सर विल्यम लायन्स यांच्या जग्वारने 'एक्सजे ६' काढली. बॉब नाइट या अभियंत्याने तिच्या चालीवर घेतलेली मेहनत त्या धंद्यात आजही आदराने सांगितली जाते. चाके, कमानी आणि त्यांचे हात एका वेगळ्या चौकटीवर बसवून ती चौकट रबराच्या बैठकांवर मोटारीला जोडली, म्हणजे रस्त्याचा कडकडाट वरपर्यंत पोहोचूच नये. आणि डनलॉपकडून टायर खास तिच्यासाठी करवून घेतले. वळणावर ती खेळाऊ मोटारींच्या पंगतीत बसे आणि आत मात्र वाचनालयाची शांतता असे. ती जग्वार २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीची आहे. एक्सजेचे उत्पादन मात्र २०१९ मध्ये थांबले. जर्मन मर्सिडीजने १९७५ मध्ये आणलेली '४५० एसईएल ६.९' ही आठ सिलिंडरांची बलाढ्य मोटारही लोखंडी कमानींवर नव्हे, तर सित्रोएनच्या धर्तीच्या वायू-तेलाच्या रचनेवर धावत असे. आणि लोटसचे कॉलिन चॅपमन यांच्याविषयी तर वेगळे सांगावयास नकोच. ज्या गृहस्थाच्या मोटारींनी ग्राँ प्रीच्या शर्यती गाजविल्या, त्याने १९६२ ची 'एलान' घडविताना कमानी मऊ आणि सांगाडा ताठ ठेवला. सांगाडा ताठ आणि कमान मऊ हे उत्तम मोटारीचे सूत्र; आज कित्येक ठिकाणी सांगाडाही ताठ आणि कमानही ताठ झाली आहे.

मग हा कडकपणाचा सोस आला कोठून? एक कारण जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात आहे. १९२७ मध्ये खुल्या झालेल्या नुर्बुर्गरिंगच्या उत्तरेकडील सुमारे २०.८ किलोमीटरच्या फेऱ्यावर आपली मोटार किती मिनिटांत धावली, याची जाहिरात मोटार कंपन्या करू लागल्या. सेकंद वाचविण्यासाठी मोटार आवळली जाऊ लागली. गंमत अशी की तो फेरा स्वतः मुळीच गुळगुळीत नाही. चढउतार आणि चाके हवेत उडविणारे उंचवटे त्यात भरपूर आहेत, आणि फाजील कडक मोटार तेथेही मार खाते. तेव्हा सगळा दोष त्या बिचाऱ्या डोंगराच्या माथी मारता येत नाही. त्याहून मोठा दोष शोरूममधल्या दहा मिनिटांच्या फेरीचा आहे. मोटार वळणावर कशी वागते हे कळायला महिने लागतात, चालविणारा जाणकार लागतो. परंतु ती कडक आहे हे पहिल्याच खड्ड्यात कळते. विकत घेणारा त्या धक्क्यालाच 'स्पोर्टी' समजतो. हे म्हणजे काढ्याच्या कडूपणावरून त्याचा गुण ठरविण्यासारखे झाले.

त्यात चाकांची भर पडली. जुन्या एक्सजेच्या टायरची बाजू सुमारे १४ सेंटिमीटर उंच असे. बीएमडब्ल्यूच्या २०१८ सालच्या एम-५ मोटारीला २० इंची रिमांसह पुढे जे टायर मिळत, त्यांची बाजू १० सेंटिमीटरहूनही कमी. मोठी रिम दिसायला रुबाबदार असते, पण हवेची जी उशी होती ती तिने खाऊन टाकली. शिवाय हवा गेली तरी काही अंतर चालणारे 'रनफ्लॅट' टायर आले. त्यांच्या बाजू ताठ असाव्याच लागतात. २००५ सालच्या ३-सिरीज मोटारी असे टायर लावून येऊ लागल्या तेव्हा त्यांच्या खडबडीत चालीवर युरोपातल्या जाणकारांनीच टीकेची झोड उठविली होती. वजनाची कथा तर आणखी उद्बोधक आहे. १९८५ ची पहिली एम-५ सुमारे १४३० किलोची होती. २०२४ मध्ये आलेली तिची नवी पिढी, विजेची बॅटरी पोटात घेतल्याने, २४०० किलोंच्याही वर गेली. इतके धूड वळणावर कलू नये म्हणून त्याला आवळायचे, थांबावे म्हणून ब्रेक मोठे करायचे, ते मावावेत म्हणून चाके मोठी करायची, आणि चाके जड झाली की ती खड्ड्यात अधिक जोराने आपटायची. एकदा वाढलेले वजन असे व्याजासह वसूल होते.

कडक बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे, नाही तर आम्ही एकतर्फी निवाडा दिल्यासारखे होईल. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अमेरिकी मोटारी गादीसारख्या मऊ असत आणि वळणावर गलबतासारख्या कलत. ब्रेक मारताच नाक जमिनीला टेकते की काय असे वाटे, आणि मागे बसलेल्यांना ढवळून येई. नुसत्या मऊपणाला आवर नसेल तर तोही दोषच. शिवाय जर्मनीत महामार्गाच्या बऱ्याच भागांवर वेगाला कायद्याची कमाल मर्यादा नाही. कंपन्यांनी आपखुशीने पत्करलेल्या ताशी २५० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत माणसे तेथे खरोखरच जातात. त्या वेगात मोटार तरंगू लागली तर प्राणाशी गाठ. त्यांचा कडकपणा त्यांच्या रस्त्यातून आणि त्यांच्या गरजेतून आला आहे, आणि तेथे तो शोभतो.

पण आपल्याकडे? २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने द्रुतगती महामार्गावर मोटारींना ताशी १२० आणि दुभाजक असलेल्या महामार्गावर १०० किलोमीटरची कमाल मर्यादा घालून दिली. म्हणजे ज्या वेगासाठी त्या कमानी आवळल्या तो वेग येथे गाठणे हा गुन्हा आहे. आणि ज्या रस्त्यावरून जायचे तो कसा? गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डांबराखाली पाणी मुरते आणि चतुर्थीपर्यंत रस्त्याची चाळण होते. उसगाव, सावर्डे, डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकांनी वर्षानुवर्षे रस्ते कसे दळले हे त्या भागातल्या लोकांना सांगायला नको. उरलेसुरले काम केबल आणि नळांसाठी खणून नीट न बुजविलेले चर करतात. गतिरोधकांची तर स्वतंत्र कहाणी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या निर्देशाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश चढून सावकाश उतरणारा, असावा. आपल्या वाड्यावाड्यांवर दिसतो तो हातभर रुंदीचा, भिंतीसारखा उभा बांध. बांधकाम खात्याचे अभियंते हा निर्देश वाचतात की नाही, हा प्रश्न या निमित्ताने पुन्हा विचारून ठेवतो.

आणि येथेच अर्धसत्याचे उरलेले अर्धेही निकालात निघते. मोटार रस्ता धरून राहते ती टायर जमिनीला टेकलेला असतो तोवर. कडक कमानीचे चाक खड्ड्यात उतरत नाही आणि उंचवट्यावरून उसळते. जितका वेळ ते हवेत, तितका वेळ ना ब्रेक लागतो ना सुकाणू ऐकते. म्हणूनच खडीच्या रस्त्यावरच्या रॅलीत धावणाऱ्या मोटारींची चाके वरखाली भरपूर हलतील अशी ठेवतात. शर्यतवाल्यांना जे कळते ते शर्यतीचा नुसता पेहराव करणाऱ्यांना कळू नये? खडबडीत रस्त्यावर कडक मोटार कमी सुखाची असते इतकेच नव्हे, ती कमी चपळ आणि कमी सुरक्षितही असते.

आमच्या पिढीने या बाबतीत बरे दिवस पाहिले, असे म्हटल्यास तरुण वाचक हसतील. मुक्तीनंतरही बरीच वर्षे गोव्यात जुन्या मर्सिडीज मोटारी टॅक्सी म्हणून धावत. सहा-सात माणसे कोंबूनही त्या कुरकुरत नसत. पुढे अँबॅसॅडर आली. मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, पुढे पीळ घेणारे दांडे, मागे पाट्यांच्या कमानी. २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद पडले तेव्हा तिच्या ब्रेकवर कोणी अश्रू ढाळले नाहीत, वळणावर तिचे कलणेही कोणाला आठवले नसेल. पण मागच्या बैठकीवर बसून म्हातारी माणसे झोपी जात, हे अनेकांना आठवले.

परदेशी कंपन्यांना हिंदी गिऱ्हाइकाची ओळख नाही असेही नव्हे. येथला मालक पुष्कळदा मागे बसतो हे ओळखून मर्सिडीजने २०१७ पासून लांबविलेली ई-क्लास येथे विकली. बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये ३-सिरीजची लांब आवृत्ती आणली. पाय पसरायला जागा दिली ती चांगलीच गोष्ट. मात्र कमान आणि टायर यांचा विचारही तितक्याच आपुलकीने व्हावयास हवा. कोणी म्हणेल, आता बटण आहे, 'कम्फर्ट' दाबा की झाले. बटणाने बहुधा शॉकअपच तेवढा सैल होतो. लोखंडी कमान, कल आवरणारा दांडा आणि टायर होते तसेच राहतात. हवेच्या कमानी असतील तर गोष्ट थोडी वेगळी, पण पातळ टायरपुढे त्यांचाही इलाज तोकडा पडतो.

या झगड्याचा मुळापासून निकाल लावू पाहिला तो एका हिंदी वंशाच्या माणसाने. वंगभूमीतून अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या क्रांतिकारक ननी गोपाल बोस यांचे चिरंजीव अमर बोस. ध्वनियंत्रांमुळे जगाला ठाऊक असलेल्या या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये कमानींच्या जागी विजेच्या मोटरी बसविण्याचे संशोधन सुरू केले. चाक खड्ड्यात जाताच मोटर ते खाली ढकलणार, उंचवट्यावर वर ओढून घेणार. २००४ मध्ये लेक्सस मोटारीवर त्याचे प्रात्यक्षिक झाले. अडथळ्यांवरून जाताना ती मोटार सपाट राहिली आणि वळणावर कललीही नाही. वजन आणि खर्च यांमुळे ती रचना बाजारातल्या मोटारीत कधी आली नाही. २०१३ मध्ये बोस निवर्तले आणि २०१७ मध्ये ते तंत्र दुसऱ्या कंपनीकडे गेले. तरी दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात हे चोवीस वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी डोळ्यांना दाखविले, ते पुसले जाण्यासारखे नाही.

तोवर मोटार घेणाऱ्यांनी निदान एवढे करावे. शोरूमच्या पुढचा गुळगुळीत रस्ता सोडून आपल्या गावच्या रस्त्यावर मोटार न्यावी. स्वतः मागे बसावे, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवावे, आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. त्याच मोटारीला लहान रिमा व उंच टायर कंपनीकडून मिळतात का, हे पैसे देण्याच्या आधी विचारावे. आमच्या स्नेह्यांनी ते नंतर विचारले. मिळत होते. २० इंची चाके जाऊन १९ इंची आली, रुबाब थोडा उणा झाला, आणि एका सोमवारी आई पुन्हा मंगेशीला गेल्या. अर्धी वाट त्या काही बोलल्या नाहीत. आता त्या जातात, पण पुढच्या बैठकीवर बसून. मागे बसायला त्या अद्याप तयार नाहीत.